मोजणीदाराचा अहवाल

अभ्यासठाणे,
४ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. तुमच्या आशीर्वादाशिवाय पोचले, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

निघायच्या दिवशी तुम्ही खोलीचं दार लावून बसलात, त्याचं मला काही वाटलं नाही. तुमचा राग मला पाढ्यासारखा पाठ आहे. पण मुख्याध्यापिकाबाईंनी मला ते पत्र दाखवलं. माझी छाती नाजूक आहे, दमट हवा मला सोसत नाही, तेव्हा या प्रशिक्षणाला माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवावं, अशी विनंती एका चिंतातुर बापाने केली होती. अक्षर तुमचं. मला जन्मात साध्या सर्दीपलीकडे काही झालेलं नाही. तरी डॉक्टरांचा दाखला आणायला मला तीन चकरा माराव्या लागल्या, आणि भर शिक्षकखोलीत बाईंनी विचारलं की घरी काही अडचण आहे का. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, बाबा. एकवीस वर्षं विज्ञान शिकवते. माझ्या मागे माझ्या शाळेला पत्र लिहायला मी काही सहावीतली मुलगी नाही.

आता इथलं. आम्ही चौदा शिक्षक आहोत, पाच आठवडे. घर लाकडाचं, खांबांवर उचललेलं. चौघींत एक खोली. एका कपाटात सारखे दिवे जळत ठेवलेत, त्यात वह्या आणि मोजे वाळवायचे, नाहीतर दोन दिवसांत दोन्हींवर बुरशी. सकाळी सातला जंगलात, दुपारी टेबलाशी. लाल दोरीने वीस मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यातलं प्रत्येक झाड मोजायचं, पाचोळा चाळायचा, किडे वेगळे करायचे. यातलं शाळेच्या मागच्या अंगणात मुलांकडून काय करून घेता येईल, ते शेवटच्या आठवड्यात मांडून दाखवायचं. जळवा आहेत. काल माझ्या पायावरून सात काढल्या. त्यांनीही माझ्या छातीची तक्रार केली नाही.

ठाणं तुमच्या लाकूड कंपनीच्या जुन्या तळावरच उभं आहे, हे तुम्हाला माहीतच होतं. तुम्ही अकरा वर्षं जिथे झाडं मोजलीत, तिथे आपणही मोजावीत, एवढ्याच हौसेने मी हे ठिकाण निवडलं होतं. तुम्हाला आनंद होईल असं वाटलं होतं. चूक माझी.

आत्याला नमस्कार. तिच्यावरचा लोभ आहे तसाच आहे, तुमच्यावरच्याचं पाहू.

तुमची एकुलती एक,
मोठी

*

घर,
९ ऑक्टोबर

चि. मोठीस,
आशीर्वाद. (अनेक आणि उत्तम लिहायची प्रथा आहे. सध्या एकावर भागव.)

पत्र मिळालं. चष्मा पुसून दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं कुणा वकिलाची नोटीस चुकून माझ्या पत्त्यावर आली.

हो, शाळेला मीच लिहिलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. ते जंगल म्हणजे शाळेची सहल नव्हे. तिथे मी काय काय पाहिलं ते तुला माहीत नाही, आणि माहीत नसलेलंच बरं. चौदा मास्तर-मास्तरणी दोऱ्या घेऊन झाडांभोवती फिरतात, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि हसावं की रडावं कळेना. आधारमुळं असलेल्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घेऊ नका. तसा घेतलात तर झाडाचा नव्हे, त्याच्या परकराचा घेर मिळतो. मुळं संपतात त्याच्या हातभर वर पट्टी धरायची. तुमच्या तज्ज्ञांनी हे सांगितलं नसेल तर सांग, एका मोजणी कारकुनाने सांगितलंय म्हणून. किंवा नको सांगूस.

खरं म्हणजे तेच लिहायला बसलो आहे. आपण कोण, कुणाची मुलगी, याच्या गप्पा तिथे मारत बसू नकोस. कंपनीने झाडं तोडली, तिथल्या लोकांच्या मनात अढी आहे. ती तुझ्यावर निघायची. शिकायला गेली आहेस, शीक आणि परत ये. त्यातून मधेच कंटाळा आला तर कुणी हसणार नाही. मी तर नाहीच हसणार.

तुझ्या आत्याचे गुडघे दुखतात आणि जीभ चालते. दोन्ही पूर्वीसारखंच.

राग गेला की अनेक आशीर्वाद पाठवीन.
बाबा

*

अभ्यासठाणे,
१३ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
न. वि. वि.

तुमची सूचना उशिरा आली. पहिल्याच संध्याकाळी ओळखी करून घेताना मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं की माझे वडील याच तळावर मोजणीदार होते. तुमचं नावही सांगितलं.

आमच्या गटाला जंगलात नेणारी जी वाटाडी आहे, तिला सगळे पानबाई म्हणतात. पान चुरगळून वास घेते आणि झाड सांगते, वर बघतही नाही. वय बत्तीस. मी नाव घेतलं तेव्हा ती चहा ओतत होती. ती ओतायची थांबली, मग पुन्हा ओतू लागली. मला वाटलं ओळखीचं कुणी आठवलं असेल. पुढचे चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, माझ्याबरोबर मागे राहिली आणि विचारलं की तुझ्या वडिलांचं अक्षर उजवीकडे झुकलेलं आहे का, वेलांट्या लांब ओढलेल्या. मी हो म्हणाले. तिने चालता चालता मला काहीतरी म्हणून दाखवलं. मुलं कविता म्हणतात तसं, कुठेही न अडखळता. सदर इसम दारूच्या नशेत होता, वारंवार सूचना देऊनही त्याने कमरेचा पट्टा सोडला, आणि स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाडावरून पडून मृत झाला. खाली मोजणी कारकुनाची सही. तो कागद तिच्याकडे आहे.

तो इसम म्हणजे तिचा बाप. तुमच्या तोडीवरचा चढ्या, शेंड्याला दोर बांधायला झाडावर चढणारा. तेव्हा ती दहा महिन्यांची होती. या एका कागदावरून तिच्या आईला कंपनीच्या वसाहतीतली खोली दोन दिवसांत सोडावी लागली. शाळेत तिला दारुड्याची पोर म्हणायचे. तिची आई आजही खाली वाटेवरच्या शेवटच्या घरात राहते, ठाण्याच्या मच्छरदाण्या शिवून देते.

उद्या सहाव्या चौकोनात काम आहे, सातला बूट घालून तयार राहा, एवढं पानबाई शेवटी म्हणाली.

म्हणून आता मी विचारते. तो माणूस खरंच प्यायलेला होता का?

उत्तराची वाट पाहते. लोभाचं नंतर बघू.
मोठी

*

घर,
१८ ऑक्टोबर

चि. मोठीस,

एकतीस वर्षांपूर्वीचं उकरून काढायला सरकारने तुला पाठवलेलं नाही. पाचोळा चाळायला पाठवलं आहे. तो चाळ.

अपघात झाला की अहवाल लिहावा लागतो. लिहिणारा तोच असतो ज्याच्या हातात पेन असतं. साहेबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. तोडीवर वर्षाला दोन-तीन माणसं जायची. प्रत्येकाच्या बायकोपुढे जाऊन रडत बसलो असतो तर लाकूड कुणी मोजलं असतं? आणि तू कुठे असतीस? त्या नोकरीच्या पैशावर तू शिकलीस, बाईसाहेब. तुझी ती प्रयोगवही, तुझा तो वसतिगृहातला खाटेचा कोपरा, सगळं त्या जंगलातून आलं. तेव्हा कधी विचारलं नाहीस की बाबा, आज कोणतं झाड पाडलंत. आज पाच आठवड्यांचं शहाणपण घेऊन बापाची झडती घ्यायला निघालीस.

त्या बाईला सांग, तुझ्या दुःखाबद्दल वाईट वाटतं. एवढं पुरे. जास्त बोललीस तर त्यातून नवीन काहीतरी निघेल, आणि ते कुणालाच झेपणार नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच.

या विषयावर मी पुन्हा लिहिणार नाही. तू पण लिहू नकोस.

बाबा

*

घर,
१९ ऑक्टोबर

चि. मोठीस,
तुझ्या आत्याचे अनेक, उत्तम, मनापासून आणि उरलेसुरले सगळे आशीर्वाद. तुझा बाप हल्ली कंजुषी करतो म्हणून त्याच्या वाटचे मीच घालते.

अगं, काय लिहिलंस त्याला? तुझं पत्र आलं त्या दिवसापासून तो जेवणाच्या ताटावर बसतो आणि ताटाकडे नुसता बघत राहतो. परवा भाजीवाल्याशी भांडला, काल पोस्टमनशी, आणि आज भांडायला कुणी नाही म्हणून माझ्या औषधाच्या गोळ्यांवर ओरडला, की त्या डबीत खडखडतात. मी म्हटलं, गोळ्या आहेत, त्या काय गाणार आहेत?

मला विचारलं तर सांगत नाही. पण तुझं पत्र उशीखाली ठेवतो, आणि मी उशीचे अभ्रे बदलते. वाचलं. चोरून वाचलं म्हणून तू मला रागव, पण आधी माझं ऐक.

तो ती नोकरी सोडून आला ना, त्या वर्षी मी महिनाभर तुमच्याकडे राहायला होते. तू तेरा वर्षांची, परीक्षेच्या गडबडीत. तेव्हा तो मला एकदाच म्हणाला होता की दोर कुजलेला होता. कोणता दोर, कुणाचा, मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही सांगितलं, बिचारी तशीच गेली. त्यानंतर हा माणूस साध्या स्टुलावर चढलेला मी पाहिलेला नाही. घरातले दिवे मी बदलते, माझ्या या गुडघ्यांनी.

म्हणून म्हणते, सोडून दे. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. जे झालं ते वाईट झालं, पण त्याला आता फाडून काय मिळणार? त्या मुलीशी गोड बोल, तुझं प्रमाणपत्र घे, आणि घरी ये. माझा भाऊ आहे तो. वाईट असला तरी माझाच आहे.

पायांना तंबाखूचं पाणी लाव, जळवा चढत नाहीत. आत्यावर राग धरू नकोस, धरलासच तर लवकर सोड.

तुझी आत्या

*

अभ्यासठाणे,
२३ ऑक्टोबर

बाबा,

आत्याचं पत्र आलं. तुम्ही तिला दोराबद्दल बोलला होतात. म्हणजे अहवाल साहेबांनी सांगितला म्हणून खोटा नाही. तो खोटा आहे हे लिहिताना तुम्हाला माहीत होतं.

माझ्या शिक्षणाचं ओझं माझ्या डोक्यावर घालू नका. तेरा वर्षांच्या मुलीने तुम्हाला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. आणि आत्यालाही सांगा की त्या घरात माझा बाप जसा तिचा भाऊ आहे, तसा इथे पडून मेलेला माणूसही कुणाचा तरी कोणीतरी होता.

इथे काय चाललंय तेही कळू दे. आमच्या प्रशिक्षणप्रमुख डॉक्टरबाई वहीच्या पानाचे दोन रकाने करायला लावतात. डावीकडे डोळ्यांनी जे दिसलं ते, उजवीकडे त्यावरून जे वाटलं ते. एकाचं दुसऱ्यात गेलं की त्या पान फाडायला लावतात. परवा मी एका खोडावरच्या ओरखड्यांपुढे डाव्या रकान्यात जनावर चढलं असं लिहिलं. पानबाईने सगळ्यांसमोर विचारलं की तू जनावर पाहिलंस का. मी नाही म्हणाले. ती म्हणाली की तुमच्या घरी ही सवयच दिसते. बाकीच्यांना काही कळलं नाही. मी पान फाडलं.

डॉक्टरबाईंनी मला बोलावून विचारलं की गट बदलून हवा का. पानबाईनेच तशी मागणी केली होती. मी नको म्हणाले. मग संध्याकाळी मी पानबाईला दोराचं सांगितलं, आत्याचे शब्द होते तसेच. ती बराच वेळ हातातली फांदी सोलत होती. म्हणाली, तुझ्या आत्याने ऐकलेलं तू मला सांगतेस, हे उजव्या रकान्यातलं झालं. तिथे जो उभा होता त्याने लिहू दे.

तेव्हा लिहा. काय पाहिलंत ते, तुमच्या हाताने, त्याच झुकलेल्या अक्षरात, सही करून. इथून मी सात तारखेला निघते. तोवर ते आलं नाही तर मी माझ्या घरी जाईन आणि तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. ही धमकी आहे. तुम्ही शाळेला लिहिलं होतं त्याहून मात्र ही खरी आहे.

मोठी

*

घर,
२८ ऑक्टोबर

मोठीस,

तू तुझ्या बापावर गेली आहेस. दुसऱ्याला कोपऱ्यात गाठायची कला तुझ्या आईकडे नव्हती.

सोबत वेगळा कागद नाही. हेच पान त्यांना दे. आधी तू वाच, म्हणजे दारात पाय ठेवायचा की नाही ते ठरवताना अर्धवट माहितीवर ठरवलं असं व्हायला नको.

मी तिथे उभा होतो. झाडापासून पंधरा पावलांवर. सकाळी नऊचा सुमार. आदल्या दिवशीच्या पावसाने साल निसरडी होती. चढ्याने आपला पट्ट्याला बांधायचा दोर दोन बोटांत धरून पिळला, तर भुसा पडला. तो म्हणाला की आज चढत नाही. दोर बदला असं मीच आठ दिवसांपूर्वी नोंदवहीत लिहून वर पाठवलं होतं. उत्तर आलं नव्हतं. दुपारी साहेब पाहुण्यांना घेऊन तोड दाखवायला येणार होते, आणि ते झाड त्याच्या आत आडवं व्हायला हवं होतं. झालं नाही तर बोलणी मला बसणार होती.

तो प्यायलेला नव्हता. त्या दिवशी नाही, आणि त्या अख्ख्या वर्षात मी त्याला प्यायलेला पाहिला नाही.

साहेबांनी त्याला वर चढवलं नाही. ते तिथे नव्हतेच. मी चढवलं. अकरा माणसांसमोर मी त्याला म्हणालो की बाळंत तुझी बायको झाली, मग पाय तुझे का लटपटतात? सगळे हसले. मीही हसलो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पट्टा बांधून वर गेला. झाडाचा दोन तृतीयांश भाग चढल्यावर दोर तुटला.

पट्टा त्याच्या कमरेला होता. घट्ट होता. तो मी सोडला, नंतर, साहेबांची गाडी यायच्या आत. म्हणजे अहवालात तसं लिहिता यावं. साहेबांनी मजकूर सांगितला हे खरं, पण पट्टा सोडून ठेव असं कुणी सांगितलं नव्हतं. ते मला आपणहून सुचलं.

चार महिन्यांनी मी नोकरी सोडली. त्याला पश्चात्ताप वगैरे म्हणू नकोस. त्या झाडाच्या बुंध्यावरून रोज जावं लागायचं, ते नको झालं, एवढंच.

तुला तिथे जाऊ द्यायचं नव्हतं ते याच्यासाठी. तुझ्या छातीचं मला काय पडलं होतं? माझ्याच छातीचं बघत होतो.

(सही, पूर्ण नावासकट)

*

अभ्यासठाणे,
२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,

पत्र मी पोस्टाच्या पिशवीजवळ उभ्यानेच वाचलं. मग पानबाईला दिलं. ती वाचून म्हणाली की चल. आम्ही खाली तिच्या आईच्या घरी गेलो. अर्ध्या तासाची वाट.

आई मच्छरदाणीची किनार शिवत होती. तिला वाचता येत नाही. पानबाई मशीनशेजारी बसून वाचू लागली, मी पायरीवर थांबले. दारूची ओळ आली तेव्हा मशीन थांबलं. पट्ट्याची ओळ तिने दोनदा वाचून घेतली. मग मशीनवरून कापड काढलं, घडी केली, बाजूला ठेवलं.

बाबा, हे मला आधी माहीत नव्हतं, पानबाईलाही नव्हतं. लेक जन्मली तेव्हा तो माणूस आधीची सवय सोडेन म्हणून बायकोच्या डोक्यावर हात ठेवून बोलला होता. तुमचा कागद आला आणि तिला वाटलं, त्याने शब्द मोडला. एकतीस वर्षं ती नवऱ्याशी भांडत होती. लेकीसमोर त्याचं नाव घेतलं नाही, त्याचा एकुलता फोटो जाळून टाकला. तो गेला त्याचं रडणंही तिने केलं नाही, कारण दारुड्यासाठी काय रडायचं. तुम्ही त्या बाईची खोली नाही घेतलीत नुसती. तिचा नवरा दुसऱ्यांदा नेलात.

काल ती रडली. लेकीच्या गळ्यात पडून, नाव घेऊन. मी पायरीवरून उठून वाटेला जाऊन उभी राहिले. तिथे माझं काम नव्हतं.

निघताना तिने मला बोलावलं. तुम्हाला दोन निरोप आहेत. पहिला, तिने माफ केलेलं नाही, आणि तुम्ही ते मागू नये. दुसरा एक प्रश्न आहे. ती म्हणते, तिचा माणूस याहून वाईट दोरांवर चढला होता, आणि कधी नाही म्हणाला नव्हता. मग त्याच दिवशी का नाही म्हणाला? दोर हे निमित्त असेल, खरं कारण दुसरं असेल. त्याने काही सांगितलं असेल तर ते तिला हवं आहे. नसेल सांगितलं तर नाही म्हणून लिहा. मनाचं काही घालू नका.

पानबाईने आज सकाळी मला सातव्या चौकोनात नेलं. माझ्या आखलेल्या दोरीची गाठ तिने सोडून पुन्हा बांधली. अंगणाच्या अभ्यासाची माझी मांडणी डॉक्टरबाईंना पसंत पडली. हे तुम्हाला का सांगते, माहीत नाही. पूर्वी सगळं सांगायचे, त्या सवयीने.

सात तारखेला निघते ती माझ्या घरी. तुमच्याकडे कधी येईन ते मला आज ठरवता येत नाही. येणारच नाही असं मात्र आता लिहीत नाही. आत्याला सांगा, तिच्यावरचा राग सोडला.

तब्येत सांभाळा. एवढंच मागते, एवढंच देते.
मोठी

*

घर,
५ नोव्हेंबर

बाई,

तुम्हाला काय म्हणून मायना लिहावा, ते मला सुचलं नाही. म्हणून तो सोडला आहे. हे पत्र तुमच्या लेकीने तुम्हाला वाचून दाखवावं.

तुमचा प्रश्न मुलीने कळवला. तो दिवस मला स्पष्ट आठवतो, त्यामुळे आठवत नाही असं म्हणायची सोय नाही. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही. बाकीचं सगळं लिहून झाल्यावरसुद्धा एवढं एक लिहायला हात धजला नाही.

त्या सकाळी खालून सामानाची गाडी आली होती. तिच्या चालकाच्या हाती तुम्ही निरोप पाठवला होता, तो तुम्हाला आठवत असेल. आदल्या दिवशी मुलगी कशालाही न धरता आपली आपण उभी राहिली. तुमच्या माणसाने ते मला सांगितलं. मग स्वयंपाक्याला सांगितलं. मग पुन्हा मला सांगितलं. ती किती वेळ उभी राहिली ते चालकाने सांगितलं नव्हतं, त्याचीच त्याला रुखरुख लागली होती. पाच आकडे मोजेपर्यंत राहिली असेल का, असं मला विचारत होता.

दोर पाहिल्यावर तो म्हणाला की हे झाड उद्यावर टाकू, आज मला या गाडीने खाली सोडा. मुलगी पुन्हा उभी राहील तेव्हा मी तिथे हवा. संध्याकाळपर्यंत परत येतो म्हणाला. गाडी सुटायला अर्धा तास होता.

त्यावर मी ते वाक्य बोललो, जे तुम्ही वाचलं आहे.

वर जाताना तो कुणाशी बोलला नाही. मनाचं काही घातलेलं नाही. माफी मागत नाही, उत्तराची अपेक्षा नाही.

आपल्या लेकीला उभं राहिलेलं बघायला निघालेल्या माणसाला अडवणारा,
मोजणीदार